जुन्या मीटरबोर्डावरून वरच्या मजल्यासाठी सब-डीबी : कामाच्या नोंदी

घर पुण्याच्या पेठेतलं, १९७१ च्या बांधणीचं, तळमजला अधिक एक. भिंती विटांच्या, जोड मातीचा, वर चुन्याचा गिलावा. पुरवठा सिंगल फेज, मंजूर भार ३ किलोवॅट. वरच्या मजल्यावर दीड टनाचा एसी, २ किलोवॅटचा गीझर आणि हीटर असलेलं वॉशिंग मशीन बसवायचं होतं. त्यासाठी वर स्वतंत्र डीबी (वीज वाटणारी पेटी) आणि खालून तिथपर्यंत फीडर (तिला वीज पुरवणारी मुख्य वायर), एवढंच काम ठरलं होतं. सुरुवातीचा अंदाज ४५,००० रुपये आणि सहा दिवसांचा.

जोडणी आणि चाचण्या परवानाधारक वायरमननेच केल्या. भारवाढीच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, म्हणून हे काम घरच्या घरी उरकण्यासारखं नाही. घरमालकाला आपल्या घरात नेमकं काय चाललंय ते कळावं आणि असंच काम हाती घेणाऱ्याचे पैसे वाचावेत, म्हणून या नोंदी.

२ मार्च २०२४ : पाहणी

मीटरनंतर ३० अँपिअरचा लोखंडी आयसीडीपी (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मेन स्विच. त्यापुढे हायलमच्या (इन्सुलेटिंग) शीटवर सहा कीटकॅट (चिनी मातीचे फ्यूज), तीन फेजवर आणि तीन न्यूट्रलवर. त्या काळी न्यूट्रललाही फ्यूज लावायची पद्धत होती. तो फ्यूज उडाला की दिवा बंद होतो, पण होल्डरपर्यंत फेज जिवंतच राहते. दिवा बंद म्हणजे लाइन बंद असं समजून हात घालणाऱ्याला तिथेच झटका बसतो. न्यूट्रलवरचे कीटकॅट काढायचे, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

मीटर ते मेन वायर ७/२०, म्हणजे साधारण ४.६ चौ.मिमी. वरच्या मजल्याला गेलेली लाइन ३/२०, जेमतेम २ चौ.मिमी. सगळी रबर इन्सुलेशनची, लाकडी पट्टीवर लिंक क्लिपांनी बसवलेली. तिच्या मागे कीटकॅटमध्ये कुणीतरी दुहेरी तार पिळून घातली होती. फ्यूज वारंवार उडतो म्हणून तार जाड केली की फ्यूज वाचतो आणि भिंतीवरची वायर जळते.

अर्थिंग म्हणून १४ गेजची जीआय तार मोरीतल्या नळाच्या पाइपला गुंडाळलेली होती. १९७१ मध्ये तो पाइप लोखंडी होता आणि जमिनीत जात होता. पुढे सगळं प्लंबिंग सीपीव्हीसीचं, म्हणजे प्लॅस्टिकचं झालं. आता ती तार पाइपच्या उरलेल्या दीड फुटी तुकड्यापाशी संपते. म्हणजे अर्थिंग नाहीच.

नसण्यापेक्षाही हे वाईट आहे. घरातले सगळे थ्री-पिन सॉकेट त्या एकाच तारेने एकमेकांना जोडलेले आहेत. एका मशीनची बॉडी शॉर्ट झाली तर फ्रीज, इस्त्री, मिक्सर या सगळ्यांच्या बॉडीवर फेज येणार. सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावला तर फेज-अर्थ १४० व्होल्ट दिसतात, म्हणून घरच्यांना अर्थिंग आहे असं वाटत होतं. तिथेच १०० वॅटचा बल्ब लावला, तो पेटला नाही. मल्टिमीटर अधांतरी तारेवरही आकडा दाखवतो.

४ मार्च : मेगर

५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र. पहिला तास वाया गेला. बल्ब काढले होते, पण पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एका एलईडीचा ड्रायव्हर लाइनवर तसाच होता. फेज-न्यूट्रलमध्ये वाचन जवळजवळ शून्य येत राहिलं आणि आम्ही भिंतीत शॉर्ट शोधत बसलो. मेगर लावण्याआधी लाइनवरचं प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरण काढा. वाचन चुकतं आणि उपकरणही जातं.

खरी वाचनं : तळमजला एकत्रित ०.८ मेगाओहम. वरचे दिवे-पंखे ०.४. न्हाणीघराची लाइन ०.०५. वायरमन मंडळींचा जुना हिशेब म्हणजे ५० ला पॉइंटच्या संख्येने भागायचं आणि १ मेगाओहमपेक्षा जास्त मागायचं नाही. या तिन्हींपैकी एकही वाचन त्यात बसत नाही.

न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला ओल आहे. पट्टी उचलल्यावर कापडी काळ्या टेपमधला जोड सापडला, टेप चिखलासारखी झालेली.

वरचे दिवे जुन्याच वायरवर ठेवून पैसे वाचवायचा बेत होता. तो इथेच सोडला. स्विचबोर्डामागे वायर जरा वाकवली तर रबर भुगा होऊन गळतं. जागच्या जागी पन्नास वर्षं टिकलेली वायर हलवली की संपते, आणि नवीन डीबीत न्यायची तर ती हलवावीच लागणार. वरच्या मजल्याला पूर्ण नवीन वायरिंग करायचं ठरलं. तळमजल्याची वायर न हलवता फक्त बोर्ड बदलायचा.

५ मार्च : लोडचा हिशेब

वर एसी जास्तीत जास्त १.६५ किलोवॅट, गीझर २, वॉशिंग मशीन २, दिवे-पंखे-चार्जर ०.५. बेरीज ६.१५ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे २७ अँपिअर. फीडरला ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा), सी कर्व्ह (क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप लाइन तोडणारा स्विच. मेनला ४० चा.

फीडरची वायर आधी ६ चौ.मिमी धरली होती. लांबी १४ मीटर, २७ अँपिअरला व्होल्टेज ड्रॉप पावणेतीन व्होल्ट, चालण्यासारखा. मग घेणार त्या वायरच्या पत्रकात पाहिलं : पाइपातून नेल्यास सहाची वायर ३१ अँपिअर, दहाची ४२. एमसीबी ३२ चा आणि वायर ३१ ची, हे उलटं झालं. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असतो, म्हणून आधी वायर गरम होता कामा नये. त्यातून शेवटचे चार मीटर गच्चीखालच्या स्लॅबलगत जातात, मे महिन्यात तिथे हात ठेववत नाही. फीडर दहाचा घ्यायचा. अर्थही दहाचाच, १६ चौ.मिमीपर्यंत अर्थची वायर फेजइतकी घ्यायची असते. मीटर ते मेनही दहा.

मीटरवर ५-३० अँपिअर लिहिलेलं आहे. ३ वरून ७ किलोवॅटला भारवाढीचा अर्ज आज केला. हा अर्ज काम ठरलं त्याच दिवशी करायला हवा होता. पुढे सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

७ मार्च : खरेदी, आणि ८-वेची चूक

वर सहा सर्किट म्हणून ८-वे एसपीएन (सिंगल फेजचा) डीबी आणला. घरी येऊन मोड्यूल (एका एमसीबीएवढी जागा) मोजली आणि चूक कळली. ८-वे म्हणजे इनकमरची (आत येणाऱ्या लाइनच्या स्विचची) २ आणि ८, एकूण १० मोड्यूलची जागा. ४० अँपिअरचा डबल पोल आयसोलेटर (हाताने लाइन तोडायचा स्विच) २ खातो. आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) दोन घ्यायचे होते, प्रत्येकी २. उरली ४. सहा सर्किट कुठे बसणार? १२-वेमध्ये १४ जागा, त्यातून ६ गेल्या की ८ उरतात : सहा सर्किट आणि दोन रिकाम्या. दुकानदाराने बदलून दिला, १५० रुपये कापून. तळमजल्यालाही १२-वेच.

आरसीसीबी दोन का : गीझरचं एलिमेंट कधीतरी गळणारच. तेव्हा रात्री सगळा मजला अंधारात जाऊ नये. एकावर एसी, गीझर, वॉशिंग मशीन. दुसऱ्यावर दिवे आणि प्लग. दोन्ही ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, ए टाइप. स्वस्त मिळतात ते एसी टाइप (इथे एसी म्हणजे आल्टरनेटिंग करंट). इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनमध्ये गळती होते ती शुद्ध आल्टरनेटिंग नसते, एसी टाइप तिथे दगा देऊ शकतो. नगामागे सहा-सातशे रुपये जास्त गेले.

दोन आरसीसीबी म्हणजे न्यूट्रलच्या पट्ट्याही दोन. डीबीत एकच येते. दुसरी इन्सुलेटेड पायांची वेगळी आणली. हे विसरून दोघांचे न्यूट्रल एका पट्टीवर घेतले तर दोन्ही आरसीसीबी पहिल्याच दिव्याला पडतात, म्हणजे लाइन तोडतात.

९ ते ११ मार्च : अर्थिंग

मागच्या अंगणात भिंतीपासून दीड मीटर सोडून खड्डा. ४० मिमी जीआय पाइप, अडीच मीटर, कोळसा-मीठ, असा नेहमीचा बेत. पाऊण मीटर माती, मग मुरूम, आणि १.३ मीटरवर कातळ. पहार वाजायला लागली की पुण्यात पुढे जाता येत नाही. मजूर दुसऱ्या दिवशीही छन्नी घेऊन बसला, दिवसभरात चार इंच.

हट्टाने त्या खड्ड्यातच ६०० × ६०० मिमीची जीआय प्लेट उभी करून पाहिली, कोळसा-मीठ घालून, चार बादल्या पाणी ओतून. अर्थ टेस्टरवर २३ ओहम. प्लेट काढून परत केली, खड्ड्याचे १,८०० रुपये गेले.

११ तारखेला छोट्या ड्रिलिंग मशीनने १०० मिमीचं तीन मीटर भोक पाडून घेतलं, ४,५०० रुपये. त्यात तीन मीटरचा कॉपर बाँडेड रॉड आणि भोवती बेंटोनाइटचं मिश्रण, पातळ कालवून तळापासून भरलेलं. कोरडी पावडर वरून ओतली तर मध्ये पोकळ्या राहतात. रॉडला क्लॅम्प, तिथून १६ चौ.मिमी हिरवी तांब्याची वायर, वर झाकणाचं चेंबर. वाचन ६.२ ओहम.

मोजण्यातही अर्धा दिवस गेला. करंटचा खिळा रॉडपासून ३० मीटरवर ठोकायचा तर अंगण नऊ मीटरचं. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन बोळातून तार नेली आणि त्यांच्या झाडाच्या आळ्यात खिळा ठोकला. मधला खिळा साधारण ६२ टक्क्यांवर, साडेअठरा मीटरवर. तो दोन-दोन मीटर मागेपुढे सरकवून वाचन घेतलं : ६.०, ६.२, ६.५. तिन्ही जवळपास आले म्हणजे आकड्यावर विसंबता येतं. फार फरक आला तर खिळे फार जवळ आहेत.

बल्ब लावून अर्थिंग तपासण्याबद्दल. बल्ब पेटला नाही तर अर्थिंग नाही, एवढंच त्यातून खात्रीने कळतं. पेटला म्हणजे चांगलं आहे, हे खरं नाही. १०० वॅटच्या पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम. अर्थिंग ४० ओहमचं असलं तरी त्यावर फक्त १६ व्होल्ट पडतात, बल्ब लख्खच दिसतो.

६.२ ओहम चांगलं वाचन आहे, पण एमसीबी पाडायला ते पुरत नाही. फेज बॉडीला लागली तर २३० भागिले ६.२, म्हणजे ३७ अँपिअर. ३२ चा सी कर्व्ह एमसीबी झटक्यात पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ३७ वर तो बहुधा पडणारच नाही आणि डीबीची पत्र्याची पेटी जिवंत राहील. एमसीबी बसवले, आता घर सुरक्षित, ही समजूत जुन्या घरांमध्ये फार पसरली आहे. इथे माणसाला वाचवणारा आरसीसीबी आहे.

आमच्या आराखड्यातलं भोकही याच हिशेबात सापडलं. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी वरच्या डीबीच्या आत आहेत. फीडरची फेज त्याच पेटीच्या पत्र्याला लागली तर तिच्या मागे फक्त एमसीबी. म्हणून मेनवर ३०० मिलिअँपिअरचा, उशिराने पडणारा एस टाइप आरसीसीबी मागवला. उशिराचा यासाठी की वर काही गळलं तर आधी वरचाच पडावा. बाजारात कुणाकडे नव्हता, दोन आठवडे लागतील म्हणाले.

१२ मार्च : फीडरचा मार्ग

भिंतीत झिरी मारून पाइप पुरायचा होता. ग्राइंडर लावला आणि दोन फुटांत थांबवला. मातीच्या जोडातली विट कापताना सैल होते, झिरीच्या बाजूचा गिलावा ताटाएवढ्या खपल्यांनी उतरला. अशा भिंतीत झिरी मारू नका. जिन्याच्या कोपऱ्यातून २५ मिमीचा पाइप उघडाच नेला, दर ६० सेंमीला सॅडल. गिट्ट्या विटेत ठोका, जोडात नको. मातीच्या जोडात स्क्रू फिरतच राहतो.

२० मिमीच्या पाइपात दहाच्या तीन वायरी मापाने मावतात, पण दोन बेंड असतील तर ओढताना इन्सुलेशन सोलतं. २५ च घ्या. एल्बो न वापरता स्प्रिंग घालून बेंड काढले.

१४ मार्च : मेन बदलला

गुरुवार. परिसरात देखभालीसाठी वीज बंद होती. आयतीच लाइन बंद आहे तर करून टाकू, असं घरच्यांनी सुचवलं. तसं अजिबात करू नये. पुरवठा कधी परत येईल ते आपल्या हातात नसतं, आणि शेजारच्याच्या इन्व्हर्टर-जनरेटरची चुकीची जोडणी असेल तर बंद लाइनवरही उलटा दाब येतो. महावितरणच्या कर्मचाऱ्याने खांबावरून सर्व्हिस सोडवल्यावरच, टेस्टर आणि बल्ब दोन्हींनी तपासून हात घातला. मीटरची सील आणि त्याच्या अलीकडचा कटआउट आपला नाही, त्याला हात लावायचा नाही.

सकाळी नऊला लाइन सोडवली, संध्याकाळी साडेपाचला जोडली. खालच्या डीबीत ४० चा डबल पोल मेन, फीडरचा ३२ चा डबल पोल, तळमजल्याला ३० मिलिअँपिअर आरसीसीबी आणि चार एमसीबी. एस टाइपसाठी दोन जागा रिकाम्या. कीटकॅट सगळे गेले. न्यूट्रल आता कुठेही फ्यूजविना, थेट पट्टीवर. अर्थची पट्टी वेगळी. न्यूट्रल आणि अर्थ घरात कुठेही एकत्र करायचे नाहीत, वरच्या डीबीत तर मुळीच नाही.

जुन्या बोर्डाचा अर्धा तास एकाच कामात गेला : सहा तोंडांमधून कुठली वायर कुठल्या खोलीची ते शोधणं. आदल्या दिवशी लाइन चालू असताना एकेक कीटकॅट काढून चिठ्ठ्या लावल्या असत्या तर तो वाचला असता.

१६ मार्च : वरचा डीबी चालू, आणि पडापड

वर दिवे दीडच्या वायरवर, ६ अँपिअर बी कर्व्ह, दोन सर्किट. प्लग आणि गीझर अडीचवर, १६ अँपिअर. वॉशिंग मशीनही तसंच. एसी चारच्या वायरवर, २० अँपिअर सी कर्व्ह. नव्या वायरिंगचं मेगर वाचन २०० मेगाओहमच्या वर.

सकाळी अकराला चालू केलं. दुपारपर्यंत सगळं शांत. संध्याकाळी सातला दिव्यांचा आरसीसीबी पडला. उचलला, राहिला. नऊला पुन्हा पडला. रात्री बाराला घरच्यांनी उचलला तो सकाळपर्यंत टिकला.

१७ मार्च : जिन्याचा दिवा

नव्या वायरिंगवर शंका घेऊन सगळे दिव्यांचे न्यूट्रल पट्टीवरून सोडवले आणि एकेक लावून पाहिले. दोन तास गेले, प्रत्येक सर्किट निर्दोष. मग लक्ष वेळेकडे गेलं. सात वाजता जिन्याचा दिवा लागतो.

जिन्याला टू-वे स्विच. फेज तळमजल्याच्या बोर्डावरून येते, दिव्याचा न्यूट्रल मात्र १९७१ पासून वरच्या दिव्यांच्या न्यूट्रलला जोडलेला. एकाच मेनवर सगळं होतं तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं. आता दिवा लागला की करंट खालच्या फेजने जातो आणि वरच्या आरसीसीबीच्या न्यूट्रलने परत येतो. आरसीसीबीला आत-बाहेरचा फरक दिसतो आणि तो पडतो. ९ वॅटच्या एलईडीचा करंटही ४० मिलिअँपिअरच्या घरात असतो, आणि ३० चा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान पडतो.

रात्री का टिकला, तेही कळलं. रात्री जिन्यात अर्ध्या वॅटचा झिरो बल्ब असतो. तो दोन-तीन मिलिअँपिअर खातो, त्याने आरसीसीबी हलत नाही. लहान दिव्याला टिकतो आणि मोठ्याला पडतो, हे पाहिलं की इन्सुलेशन तपासत बसू नका. उसन्या न्यूट्रलची शंका आधी घ्या.

उपाय : जिन्याच्या दिव्याला खालून नवीन न्यूट्रल. सात मीटर वायर, पाऊण तास. शोधायला मात्र दीड दिवस गेला होता. जुन्या घरात सब-डीबी घालण्याआधी जिना, व्हरांडा, गच्चीचा दिवा आणि बेल, हे चार पॉइंट कुठून फेज आणि कुठून न्यूट्रल घेतात ते आधीच पाहून ठेवा.

१८ मार्च : इन्व्हर्टर

खाली ८५० व्हीएचा इन्व्हर्टर. वरच्या दोन खोल्यांतला एकेक दिवा-पंखा त्यावर. पूर्वीच्या पद्धतीने इन्व्हर्टरची फक्त फेज वर आली होती, न्यूट्रल तिथलाच वापरला जायचा. आपण नवीन वायरिंगमध्येही तेच केलं, ही आमची चूक. पंखा लावला की आरसीसीबी पडला. दुखणं जिन्याचंच.

इन्व्हर्टरच्या आउटपुटला खालीच २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी बसवला आणि तिथून फेज-न्यूट्रल जोडीने वर नेले. ही जोडी वरच्या डीबीत आणलीच नाही, बाजूने वेगळ्या पाइपातून थेट स्विचबोर्डांना नेली. आत आणली असती तर डीबीचा आयसोलेटर बंद करूनही पेटीत एक वायर जिवंत राहिली असती, आणि पाच वर्षांनी येणाऱ्या वायरमनला ते कोण सांगणार? त्या स्विचबोर्डांवर आतून-बाहेरून "इन्व्हर्टर लाइन, डीबीने बंद होत नाही" अशी पट्टी चिकटवली.

२० मार्च : गरम टर्मिनल

एसी आणि गीझर दोन तास एकत्र चालवून इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला. सगळी टर्मिनल ४० ते ४४ अंश. वरच्या आयसोलेटरचं न्यूट्रलचं बाहेरचं टर्मिनल ७१.

स्क्रू घट्ट होता. वायर ओढली आणि ती हातात आली. टर्मिनलमधला पितळी पिंजरा स्क्रूबरोबर वर-खाली होतो. तो पूर्ण खाली उतरलेला नसताना वायर घातली तर ती पिंजऱ्याच्या मागे, पिंजरा आणि प्लॅस्टिकच्या मध्ये शिरते. स्क्रू आवळताना नीट घट्ट लागतो, पण तांबं नुसतं टेकलेलं असतं. आवळल्यावर प्रत्येक वायर जोराने ओढून बघणं हाच यावर इलाज. आम्ही चौदापैकी तीन वायरी ओढून बघितल्या होत्या, ही तिथली चूक.

आयसोलेटर बदलला, ३१० रुपये. वायरचं इन्सुलेशन १२ मिमी तपकिरी झालेलं, तेवढं कापायचं तर पेटीत जादा वायर चारच सेंमी ठेवली होती. कसाबसा पुरला. दहाच्या प्रत्येक वायरीला निदान १५ सेंमीचा वळसा ठेवा. तोंडाला पिन लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) क्रिम्प करून घातला. डाख देऊन तार कडक करू नका. डाख दाबाखाली हळूहळू पसरतो आणि वर्षभरात स्क्रू सैल होतो.

२३ मार्च : चाचण्या

सगळे आरसीसीबी टेस्ट बटणाने पाडले. मग प्रत्येक सॉकेटवर आरसीसीबी टेस्टर लावून ३० मिलिअँपिअरची गळती खरोखर अर्थमधून पाठवून पाडले. दोन्ही लागतात. टेस्ट बटण आतल्या आत एका रोधकातून करंट फिरवतं, अर्थिंग तुटलेलं असलं तरी त्याने आरसीसीबी पडतोच. न्हाणीघराजवळच्या सॉकेटला बटणाने पडला, टेस्टरने नाही : सॉकेटमध्ये अर्थची वायर टर्मिनलऐवजी माउंटिंगच्या भोकात अडकवली होती. दुरुस्त केली. इन्व्हर्टरचा आरसीसीबीही टेस्टरने पाडून पाहिला, पडला.

टेस्ट रिपोर्ट दिला. भारवाढ अजून बाकी. मीटर बदलेपर्यंत गीझर आणि वॉशिंग मशीनचा गरम पाण्याचा प्रोग्राम एकत्र चालवू नये, अशी चिठ्ठी डीबीच्या दारावर लावली.

६ एप्रिल

मीटर बदलून १०-६० चा आला. अर्जापासून बत्तीस दिवस. एस टाइप आरसीसीबी कालच मिळाला होता, ३,९०० रुपये. मेन बंद करून तोही बसवला. वर ३० मिलिअँपिअरची गळती दिली तर वरचाच पडतो, खालचा राहतो.

खर्च : स्विचगिअर आणि दोन्ही डीबी २०,९७०. वायर २०,०८५. पाइप, लग, पट्ट्या वगैरे ३,२००. अर्थिंग १२,०२०, त्यात वाया गेलेल्या खड्ड्याचे १,८००. मजुरी २२,०००. एकूण ७८,२७५ रुपये. महावितरणचं शुल्क यात नाही. कामाचे दिवस अकरा. अंदाजात अर्थिंग धरलंच नव्हतं, वरचं नवीन वायरिंग आणि खालचे आरसीसीबीही नव्हते.

११ मे

अर्थचं वाचन पुन्हा घेतलं, ८.९ ओहम. माती सुकली आहे. चेंबरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी ७.१. आरसीसीबीला यातलं काहीही पुरतं, पण चेंबरचं झाकण फरशीखाली गाडू नका, दर उन्हाळ्यात ते उघडावं लागतं.

दुपारी तीनला, गच्ची तापलेली असताना, पूर्ण लोडवर फीडरचा पाइप बाहेरून ४९ अंश, टर्मिनल ५२ पर्यंत. सगळे स्क्रू पुन्हा आवळले, त्यातले दोन स्क्रू पाव फेरा फिरले. तळमजल्याचं मेगर वाचन ०.८ चं ०.६ झालं आहे, स्वयंपाकघराच्या लाइनवर. पावसाळ्यात तिथला आरसीसीबी पडायला लागला तर तो बायपास करायचा नाही, ती लाइन बदलायची. त्यासाठी अडीचची तीन रंगांची वायर उरली आहे, प्रत्येकी साधारण दहा मीटर, माळ्यावर ठेवली आहे.